‘एलेव्हेटेड’ म्हणजे कशाहून उंच?

विज्ञानाची इंग्रजी पुस्तके वाचताना ‘एलेव्हेटेड’ हे विशेषण वरचेवर भेटते. त्याचा अर्थ ‘उंच’ असा आपण लावतो. पण उंच या अर्थी इंग्रजीत ‘टॉल’ आणि ‘हाय’ हे शब्द आहेतच. मग हा तिसरा कशाला?

नारळाचे झाड ‘टॉल’ असते; त्याची उंची बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मोजायची. आकाशातला ढग ‘हाय’ असतो; तो जमिनीपासून बराच वर आहे, एवढेच त्यातून कळते. खांबांवर बांधलेली गावची पाण्याची टाकी मात्र ‘एलेव्हेटेड’! हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘लेव्हिस’ म्हणजे ‘हलका’ हा शब्द आहे. हलके करणे, त्यावरून वर उचलणे. तेव्हा ‘एलेव्हेटेड’ म्हणजे एखाद्या पातळीवरून वर उचललेले.

टाकी उचलायची तरी कशासाठी? पाण्याची पातळी १० मीटर वर नेली, की खाली नळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब वाढतो. समजा, १५ मीटर उंचीची टाकी जमिनीवरच बांधली. पाणी संपत जाईल तसा दाब घटत जाईल आणि शेवटी नळाला नुसती धार उरेल. याउलट, लहानशी टाकी १५ मीटर उंच खांबांवर ठेवली, तर शेवटच्या घागरीपर्यंत दाब टिकतो. ‘टॉल’ आणि ‘एलेव्हेटेड’ यांतला फरक असा नळाशी कळतो!

मुंबईत २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रोही अशीच रस्त्याच्या पातळीवरून उचललेली, म्हणून तिचा मार्ग ‘एलेव्हेटेड’.

हे विशेषण आकड्यांनाही लागते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ साली रक्तदाबाच्या पायऱ्या ठरवल्या. वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत असेल, तर रक्तदाब ‘एलेव्हेटेड’. वरचा १३० किंवा खालचा ८० झाला, की तो ‘हाय’. दोन्हींना ‘उच्च’ म्हटले, तर नुसत्या इशाऱ्यालाच आजार समजण्याची चूक होईल. म्हणून पहिल्याला ‘वाढलेला’ आणि दुसऱ्याला ‘उच्च’ म्हणावे.

तेव्हा मित्रांनो, हा शब्द दिसला की आधी एक प्रश्न विचारा : कोणत्या पातळीवरून वर? उत्तर सापडले, की अर्थही सापडेल.