स्वच्छ वीज गरीब देशांना परवडत नाही?

‘आधी पोटाचं बघू, पर्यावरणाचं नंतर.’ विकसनशील देशांनी कार्बन कमी करावा असा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात गरिबांची कळकळ आहे, पण पोट आणि पर्यावरण यांत एकाचीच निवड करावी लागते हे गृहीतक चुकीचं आहे.

महाराष्ट्रातल्या शेतीपंपाचंच बघा. शेतीला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, स्टार्टरचं बटण दाबतो आणि थंडीत चिखल तुडवत एकेका सरीचं दारं मोडत पहाटेपर्यंत पाणी देतो. पायाखाली साप असू शकतो. जुन्नरसारख्या भागात शेजारच्या उसात बिबट्या असू शकतो. त्याच्या पंपाला सूर्य डोक्यावर असताना वीज मिळाली तर कार्बन कमी होईलच, पण त्या माणसाला रात्रीची झोप मिळेल, आणि त्याच्या दृष्टीने पहिला फायदा हाच आहे.

‘सौर वीज महाग असते’ हा समज एके काळी बरोबर होता. 2010 साली राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी दर युनिटला 10.95 रुपये होता. 2017 साली राजस्थानातल्या भडला इथे तो 2.44 रुपयांवर आला. नव्या कोळसा केंद्राची वीज याहून महाग पडते. शेतीची वीज सरकार मोफत किंवा सवलतीत देतं आणि त्या सवलतीचा भार इतर ग्राहकांवर व तिजोरीवर पडतो. म्हणून शेतीची वीज जितकी स्वस्तात तयार होईल, तितका हा भार हलका होतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली ती याच हिशेबावर. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प 2024 साली वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. त्याची क्षमता 3 मेगावॉट आहे.

‘यात शेतकऱ्याची जमीन जाते’ अशीही भीती असते. योजनेत खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याचीच राहते. योजनेत गायरानही वापरतात, त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे गुरं-मेंढ्या चारणाऱ्यांच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे भाडंही त्यांना मिळत नाही. त्यांचा आक्षेप अडाणीपणाचा म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे.

उत्साही मंडळींचाही एक गैरसमज आहे. सूर्य फुकट, म्हणून वीज फुकट, म्हणून पाणी हवं तेवढं उपसा! स्वतंत्र सौर पंपाला वीजबिल नसतं, त्यामुळे उपशाला लगामही नसतो आणि भूजल खाली जाऊ शकतं. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात यावर उपाय करून पाहिला गेला. तिथल्या मूठभर शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. वीज विकून पैसे मिळत असतील तर विनाकारण पंप कोण चालवेल? सहकार मुरलेल्या महाराष्ट्रात हा प्रयोग गावोगाव व्हायला हवा होता.

‘रात्री काय करणार?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. जून 2025 अखेर देशाच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायूविरहित झाली. त्यावरून निम्मी वीज स्वच्छ झाली असा अनेकांनी समज करून घेतला. क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक असतो. सौर पॅनल संध्याकाळी थांबतात. प्रत्यक्षात 2024 साली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. त्यामुळे आता खरी गरज साठवणुकीची आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघर इथे 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून आहे. मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. सह्याद्रीत अशा जागा आहेत, आणि बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत.

‘कोळसा बंद झाला तर आमचं काय?’ चंद्रपूरच्या खाण कामगाराच्या या प्रश्नाला मी गैरसमज म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेतलं कोमाटी वीज केंद्र ऑक्टोबर 2022 मध्ये बंद झालं तेव्हा पर्यायी रोजगार उभे राहिले नव्हते, आणि त्याची झळ आसपासच्या वस्तीला बसली. आधी नवं काम, मग टाळं, हाच क्रम हवा.

शेवटी जबाबदारीचा मुद्दा. भारत उत्सर्जनात जगात तिसरा आहे, पण दरडोई कार्बन डायऑक्साइडचा हिशेब केला तर भारतीय माणूस वर्षाला सुमारे 2 टन, तर अमेरिकी माणूस सुमारे 14 टन. त्यामुळे श्रीमंत देशांकडे पैसा मागणं ही भीक नव्हे. 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर देण्याचं वचन त्यांनी 2009 साली कोपनहेगनला दिलं होतं. ते पुरं झालं 2022 साली. या दिरंगाईची किंमत मोठी आहे, कारण सौर प्रकल्पाचा बहुतेक खर्च सुरुवातीलाच करावा लागतो आणि विकसनशील देशांत कर्जाचं व्याज जास्त पडतं. सूर्य सर्वांना सारखा असला तरी वीज महाग होते ती या व्याजामुळे.

तुमच्या गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत तीन गोष्टी जरूर विचारा: जमीन कोणाची, भाडं कोणाला, आणि दिवसा किती तास वीज. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.