जुना संगणकीय खेळ आणि तत्कालीन यंत्रसामग्री : ‘अल्टिमा ७’च्या निमित्ताने एक विवेचन

गोषवारा : संगणकीय कृती केवळ फायलींच्या स्वरूपात जपून ठेवल्याने टिकत नाही, ती चालविणारे यंत्र, कार्यप्रणाली आणि त्यांच्या मांडणीचे ज्ञान यांचेही जतन व्हावे लागते. प्रस्तुत लेखात १९९२ साली प्रकाशित झालेला ‘अल्टिमा ७ : द ब्लॅक गेट’ हा डॉसवरील खेळ त्याच काळातील संगणकावर चालविताना येणाऱ्या अडचणी, त्यांची तांत्रिक कारणे व उपाय यांचे विवेचन केले आहे. त्या अनुषंगाने महाविद्यालयांतील जुन्या संगणकांच्या व संगणकीय दस्तऐवजांच्या जतनाचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : डॉस, मेमरी व्यवस्थापन, प्रोसेसर, एम्युलेटर, डिजिटल जतन.

१. प्रस्तावना

शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक कपाटातून काढले की वाचता येते. कागद शाबूत असावा आणि वाचकास लिपी व भाषा अवगत असावी, एवढीच अट असते. संगणकीय कृतीची स्थिती वेगळी आहे. फ्लॉपीवरील प्रत्येक बाइट सुरक्षित असूनही तिच्यातील कृती पाहता येत नाही, असे वारंवार घडते. कारण संगणकीय कृती ही विशिष्ट यंत्रास दिलेल्या सूचनांची मालिका असते. ते यंत्र नाहीसे झाले किंवा त्याची मांडणी बदलली की सूचना निरर्थक ठरतात.

अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. मूळ प्रत हाती असली तरी ती चालविता येईलच, याची खात्री नसते. ही अडचण नेमकी कशी उद्भवते, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहणे उद्बोधक ठरेल.

२. निवडलेल्या खेळाची पार्श्वभूमी

‘अल्टिमा’ ही रिचर्ड गॅरियट यांनी निर्माण केलेली भूमिकाप्रधान खेळांची मालिका होय. तिचा सातवा भाग अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ‘ओरिजिन सिस्टिम्स’ या कंपनीने १९९२ साली प्रकाशित केला. या खेळात ‘ब्रिटानिया’ नामक काल्पनिक राज्यातील माणसे दिवसरात्रीच्या क्रमानुसार आपापली कामे करतात. वस्तू उचलता, हलविता व वापरता येतात. पीठ मळून भट्टीत पावसुद्धा भाजता येतो. इतके विस्तृत जग तत्कालीन संगणकाच्या मर्यादेत बसविण्यासाठी निर्मात्यांनी जी युक्ती योजली, तीच पुढे हा खेळ चालविण्यातील प्रमुख अडथळा ठरली. खेळास ३८६ किंवा त्यावरील प्रोसेसर आणि २ एमबी मेमरी आवश्यक होती.

३. ६४० केबीची मर्यादा

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये इंटेल ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याला पत्ते दर्शविण्यासाठी २० वाहिन्या होत्या. त्यामुळे तो २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ बाइट अथवा १ एमबी एवढ्याच मेमरीपर्यंत पोहोचू शकत असे. यांपैकी खालचे ६४० केबी प्रोग्रामसाठी आणि वरचे ३८४ केबी पडद्याची मेमरी, बायॉस व विस्तार कार्डे यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले.

पुढे १९८२ साली ८०२८६ आणि १९८५ साली ८०३८६ हे प्रोसेसर आले. ते १ एमबीच्या पलीकडे पोहोचू शकत होते. तथापि डॉस ही कार्यप्रणाली ८०८८ची पद्धत, म्हणजे ‘रिअल मोड’, गृहीत धरून रचलेली होती. परिणामी संगणकात ४ एमबी मेमरी बसविलेली असली तरी सामान्य प्रोग्रामला ६४० केबीतच संसार करावा लागे. त्यातही डॉस, माउसचा ड्रायव्हर, सीडी-रॉमचा ड्रायव्हर आदी रहिवासी आधीच जागा अडवून बसलेले असत.

या कोंडीवर दोन साहाय्यक प्रोग्राम प्रचलित झाले. ‘हायमेम’ हा १ एमबीच्या वरील मेमरी वापरण्याची सोय करतो व डॉसचा काही भाग तेथे हलवू देतो. ‘ईएमएम३८६’ हा त्यापुढे जाऊन वरच्या ३८४ केबीतील रिकामे कोपरे ड्रायव्हरांसाठी उपलब्ध करतो आणि ‘एक्स्पांडेड मेमरी’ची मागणी करणाऱ्या प्रोग्रामांना ती पुरवितो. १९९१ सालच्या एमएस-डॉस ५ पासून हे दोन्ही प्रोग्राम एकत्र वापरण्याची पद्धत रूढ झाली.

४. ‘व्हूडू’ पद्धत आणि ईएमएम३८६ यांतील विरोध

‘अल्टिमा ७’च्या निर्मात्यांनी यांपैकी कोणत्याही रूढ मार्गावर न विसंबता ‘व्हूडू मेमरी मॅनेजर’ नावाची स्वतंत्र व्यवस्था केली. तिचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. रिअल मोडमध्ये प्रोसेसर मेमरीचा विचार ६४ केबीच्या खंडांत करतो. खंडाची ही कमाल मर्यादा ३८६ प्रोसेसर आपल्या अंतर्गत नोंदीत साठवून ठेवतो. प्रोग्रामने क्षणभर ‘प्रोटेक्टेड मोड’मध्ये जाऊन ही मर्यादा ४ जीबी अशी नोंदविली आणि तो पुन्हा रिअल मोडमध्ये परतला, तर मर्यादेची नवी नोंद तशीच कायम राहते. त्यामुळे डॉसचे वातावरण न सोडता संपूर्ण मेमरी हाती येते. या युक्तीस पुढे ‘अनरिअल मोड’ असे नाव पडले.

ईएमएम३८६ कार्यरत असताना मात्र संगणक प्रत्यक्षात रिअल मोडमध्ये नसतो. हा प्रोग्राम प्रोसेसरला ‘व्हर्च्युअल ८०८६ मोड’मध्ये ठेवतो आणि स्वतः नियंत्रकाच्या भूमिकेत राहतो. मोड बदलण्याचा अधिकार त्या स्थितीत केवळ नियंत्रकाकडे असतो. खेळाने तो बदलण्याचा प्रयत्न केल्यास प्रोसेसर त्यास मज्जाव करतो. एकाच आसनावर दोघांनी हक्क सांगावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून ईएमएम३८६ असताना ‘अल्टिमा ७’ सुरू होत नाही.

ईएमएम३८६ काढून टाकावा, तर वरच्या भागात हलविलेले ड्रायव्हर पुन्हा ६४० केबीत उतरतात आणि खेळास आवश्यक तेवढी जागा उरत नाही. अडचणीचे मर्म येथे आहे : खेळाला अधिक जागा हवी असते, पण ती मिळवून देणारे नेहमीचे साधन त्याला चालत नाही.

५. प्रारंभिक फायलींची मांडणी

यावरील उपाय म्हणजे अनावश्यक रहिवाशांना मुळातच प्रवेश न देणे. डॉस सुरू होताना ‘कॉन्फिग.सिस’ व ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन फायली वाचतो. या खेळासाठी पहिल्या फायलीत हायमेम आणि डॉसला वरच्या भागात हलविण्याची आज्ञा एवढेच ठेवावे. दुसरीत ध्वनिकार्डाची नोंद आणि माउसचा लहानात लहान ड्रायव्हर ठेवावा. सीडी-रॉम, नेटवर्क, डिस्क कॅश यांचे ड्रायव्हर वगळावेत. ‘मेम’ या आज्ञेने किती जागा मोकळी आहे, हे पाहता येते.

हीच मांडणी इतर खेळांस मात्र पुरेशी ठरत नाही. याच कंपनीचा १९९० सालचा ‘विंग कमांडर’ हा खेळ एक्स्पांडेड मेमरी मिळाल्यास काही अधिकची दृश्ये दाखवितो. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने निघालेल्या एकाच कंपनीच्या दोन खेळांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. त्या काळी यासाठी प्रत्येक खेळाची स्वतंत्र ‘बूट फ्लॉपी’ तयार केली जाई. १९९३ सालच्या एमएस-डॉस ६ मध्ये संगणक सुरू होतानाच पर्याय निवडण्याची सोय झाली. आजही एकाच जुन्या यंत्रावर अनेक खेळ चालवावयाचे असल्यास तीच सोयीची पद्धत होय.

६. ध्वनी : तीन अंकांचा मेळ

‘अल्टिमा ७’च्या प्रारंभी ‘गार्डियन’ हे पात्र पडद्यातून प्रेक्षकाशी मानवी आवाजात बोलते. हा आवाज ऐकू येण्यासाठी साउंड ब्लास्टर किंवा त्याच्याशी सुसंगत कार्ड लागते. अशा कार्डाचे तीन अंक जुळावे लागतात : पत्ता, इंटरप्टचा क्रमांक आणि डीएमए वाहिनीचा क्रमांक. पत्ता बहुधा २२० व डीएमए वाहिनी १ असते. इंटरप्ट ५ किंवा ७ असतो. यांपैकी ७ हा क्रमांक प्रिंटरच्या पोर्टकडेही असल्याने संघर्ष संभवतो; म्हणून ५ हा क्रमांक सहसा श्रेयस्कर असतो.

जुन्या कार्डांवर हे अंक जम्पर हलवून ठरविले जातात, आणि तेच अंक खेळाच्या इन्स्टॉल प्रोग्राममध्ये द्यावे लागतात. इंटरप्ट चुकल्यास आवाजाचा पहिला तुकडा वाजून खेळ थबकतो किंवा तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजत राहतो. दोष कार्डात आहे असा समज होऊन चांगले कार्ड टाकून दिले जाण्याचा संभव अशा वेळी असतो.

७. गतीचा प्रश्न

यंत्र जितके वेगवान तितके चांगले, हा समज येथे लागू पडत नाही. ‘अल्टिमा ७’ची गती घड्याळाशी पुरेशी बांधलेली नाही, प्रोसेसर जितका वेगवान तितकी पात्रे भरभर चालतात. ३८६वर खेळ रेंगाळतो, तर पेन्टियमवर पात्र आवरत नाही. त्यामुळे मधल्या क्षमतेचा ४८६, विशेषतः ६६ मेगाहर्ट्झचा डीएक्स२, या खेळास योग्य मानला जातो.

काही संगणकांच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ नावाचे बटण असे. नाव वेगाचे असले तरी त्याचा खरा उपयोग जुन्या प्रोग्रामांसाठी यंत्र मंद करण्याचा होता. ते नसल्यास बायॉसमधून प्रोसेसरची अंतर्गत कॅश बंद करून वेग घटविता येतो.

वेगापायी प्रोग्राम बंद पडल्याचे शैक्षणिक क्षेत्राच्या जवळचे उदाहरण टर्बो पास्कलचे आहे. त्यातील ‘क्रट’ हा घटक प्रारंभी यंत्राचा वेग मोजतो. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढील प्रोसेसरवर या मोजणीचा भागाकार १६ बिटांत मावेनासा होतो आणि प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ दाखवून थांबतो. प्रोग्राममध्ये बदल न होताही तो निरुपयोगी ठरतो; बदलते ते केवळ यंत्र.

८. जीर्ण यंत्राची निगा

तीस वर्षांपूर्वीचा संगणक थेट विजेस जोडणे धोक्याचे असते. अनेक जुन्या मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी डाक देऊन बसविलेली असते. कालांतराने ती गळते आणि तिच्यातील अल्कधर्मी द्रव तांब्याच्या सूक्ष्म रेषा खाऊन टाकतो. म्हणून यंत्र हाती येताच प्रथम ती बॅटरी काढावी. पॉवर सप्लायमधील कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. सीआरटी मॉनिटर उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात उच्च दाबाचा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

जुनी हार्ड डिस्क विश्वासार्ह राहिलेली नसते. तिच्या जागी साध्या अडॅप्टरद्वारे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड जोडता येते. येथे बायॉसची मर्यादा लक्षात घ्यावी. जुन्या बायॉसला १,०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर यांपलीकडे मोजता येत नाही. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा धरल्यास ही मर्यादा ५०४ एमबी येते. याहून मोठे कार्ड पूर्णपणे वापरता येत नाही.

९. मूळ यंत्र की एम्युलेटर

२००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ‘डॉसबॉक्स’ हा एम्युलेटर आधुनिक संगणकावर जुन्या यंत्राचे अनुकरण करतो. ‘एक्झल्ट’ या मुक्त प्रकल्पाने तर ‘अल्टिमा ७’चे इंजिनच नव्याने लिहिले असून मूळ खेळाच्या फायली त्यास पुरविल्या की तो चालतो. मग मूळ यंत्राचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर असे की, अनुकरण योग्य झाले की नाही हे ठरविण्यास मूळ वस्तू लागते. या खेळाचे चित्र ३२० गुणिले २०० बिंदूंचे आहे. सीआरटीच्या ४:३ प्रमाणातील पडद्यावर त्याचे बिंदू रुंदीपेक्षा उंच दिसतात. आजच्या पडद्यावर ते चौरस दाखविल्यास माणसे बुटकी दिसतात. मूळ यंत्र कोणी पाहिलेलेच नसेल, तर हे विकृत रूपच खरे मानले जाईल. दैनंदिन वापरासाठी एम्युलेटर आणि पडताळणीसाठी मूळ यंत्र, अशी विभागणी म्हणूनच उचित ठरते.

१०. आपल्याकडील संदर्भ

हा प्रश्न खेळांपुरता मर्यादित नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉसच्या काळात ‘जिस्ट’ कार्डाद्वारे पीसीवर देवनागरी लिपी उपलब्ध करून दिली. ते कार्ड मदरबोर्डावरील खाचेत बसवावे लागे. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. त्या काळात तयार झालेले मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये नाहीत, आणि पुढील काळात निरनिराळ्या फॉन्टांत टंकलिखित झालेला मजकूर तर त्या त्या फॉन्टाशिवाय अगम्य चिन्हांची रांग बनतो. जुने प्रबंध, विभागांच्या नोंदी, स्मरणिकांची मुद्रणप्रत अशा सामग्रीवर हेच संकट आहे.

डेडस्टॉक रजिस्टरमधील जुने संगणक निर्लेखित करताना किंमत, वजन व स्थिती पाहिली जाते. त्यातील फ्लॉपी वाचू शकणारा ड्राइव्ह, विशिष्ट कार्ड किंवा फॉन्ट यांची नोंद होत नाही. निर्लेखनापूर्वी डिस्कची प्रतिमा घेणे, फॉन्ट व ड्रायव्हर जपणे आणि प्रत्येक प्रकारचे किमान एक यंत्र चालू स्थितीत राखणे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये संगणकीय प्रोग्रामच्या वैध धारकास नाश वा हानीपासून संरक्षणासाठी राखीव प्रत करण्याची मुभा आहे. मात्र तिचा हेतू मर्यादित असल्याने ती वितरणाची परवानगी समजू नये.

११. निष्कर्ष

‘अल्टिमा ७’ चालविताना येणारी प्रत्येक अडचण त्या काळातील एखाद्या निर्णयाकडे निर्देश करते. ६४० केबीची सीमा १९८१ च्या रचनेतून, व्हूडूचा विरोध ३८६ प्रोसेसरच्या मोडव्यवस्थेतून आणि गतीचा दोष तत्कालीन वेगाच्या गृहीतकातून आला. हे ज्ञान मुख्यतः ते संगणक हाताळलेल्या व्यक्तींकडे आहे. महाविद्यालयांतील अनेक ज्येष्ठ प्राध्यापक आणि प्रयोगशाळा साहाय्यक यांनी त्या यंत्रांवर काम केलेले आहे. त्यांच्या निवृत्तीबरोबर हे ज्ञान निघून जाण्यापूर्वी यंत्र, फायली आणि मांडणीची लेखी नोंद या तिन्ही गोष्टी एकत्र जपल्या जाणे आवश्यक आहे. यांपैकी एक जरी सुटली, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग फारसा राहत नाही.