बॉम जेझूचा जांभा

जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका अंगाला पांढरेशुभ्र से कॅथेड्रल आहे आणि दुसऱ्या अंगाला तांबडीकाळी बॉम जेझू बॅसिलिका. छायाचित्रांमुळे तो तांबडा रंग इतका ओळखीचा झाला आहे की ही वास्तू मुळातच अशी बांधली असावी, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात जवळजवळ साडेतीनशे वर्षे तिच्याही अंगावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, तो खरवडून काढण्यात आला. दगड उघडा दिसला की इमारत अधिक जुनी, अधिक भारदस्त वाटते, असा त्या वेळच्या जीर्णोद्धार करणाऱ्यांचा समज होता.

हा उघडा पडलेला दगड म्हणजे जांभा, आणि तो कोकणातल्या माणसाला सांगायला नको. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्याउन्हाने टणक होणारा, पण अंगभर छिद्रे असलेला आणि पाणी पिणारा. दर पावसाळ्यात उघड्या भिंती भिजतात, शेवाळतात आणि चिऱ्यांच्या कडा झिजत जातात. चर्चच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींपाशी उभे राहून पाहिले तर हे साध्या डोळ्यांना कळते. तिथे मात्र फारसे कोणी फिरकत नाही.

दर्शनी भागाची गोष्ट वेगळी. तिथले कोरीवकाम काळ्या बसाल्टचे आहे आणि हा दगड वसईहून आणलेला. तेव्हा वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ साली, म्हणजे हे चर्च उभे राहिल्यावर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. खांबांच्या शैली मजल्यागणिक बदलत जातात आणि अगदी वर शिखराच्या पट्टीत 'आयएचएस' ही येशूच्या नावाची अक्षरे कोरली आहेत. हीच जेझुइट संघाची खूण. त्याच संघातले फादर थॉमस स्टीफन्स इथले काम सुरू होण्याआधीच गोव्यात आले होते आणि त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. मराठी वाचकाने हे चर्च परके मानू नये, याला एवढी कारणे पुरेत.

बांधकाम १५९४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि १६०५ च्या मे महिन्यात आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी त्याचे पवित्रीकरण केले. पैसा मुख्यतः कोचीनचा कप्तान जेरोनिमो माश्कारेन्यश याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून आला. व्यासपीठासमोरच्या भिंतीत त्याचे स्मारक आहे. आत पाऊल टाकताच नजर थेट सोनेरी वेदीकडे जाते. तिथे बाळ येशू लहानसा आणि त्याच्या वर लोयोलाचे संत इग्नेशियस भव्य.

गर्दी वळते ती उजव्या अंगाला. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले आणि १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारले. त्यांचा देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आला आणि १६२४ मध्ये या चर्चमध्ये. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. संतचरित्रातले प्रसंग तिच्यावर उठावात कोरलेले आहेत. खालची संगमरवरी समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवली. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याचे हे काम १६९८ मध्ये इथे जोडले गेले. पेटी इतकी उंचावर आहे की आतले फारसे दिसत नाही आणि मान वर करून माणसे हिरमुसतात. मला वाटते, अशा वेळी नजर खाली आणावी आणि समाधीवरचे ब्राँझचे फलक पाहावेत. समुद्रापार घडवलेला इतका तोलदार दगड आणि धातू एका सोन्याचांदीच्या परंपरेच्या गावात येऊन स्थानिक कारागिरीखाली पाया म्हणून बसला, हे दृश्य दुसरीकडे सहज मिळायचे नाही.

झेवियर हे गोव्याचे 'सायब', आणि त्यांच्याकडे सर्व धर्मांचे लोक नवस बोलतात. पण याच संतांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय मागितले होते. ते १५६० मध्ये आले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. त्याचा जाच नव्या ख्रिस्ती झालेल्यांना आणि हिंदूंना, दोघांनाही झाला. इथे येणाऱ्याने हेही माहीत करून घ्यावे. श्रद्धा आणि इतिहास दोन्ही एका छपराखाली असताना एकाकडे पाठ फिरवणे मला पटत नाही.

साधारण दर दहा वर्षांनी संतांचा देह दर्शनासाठी से कॅथेड्रलमध्ये नेतात. अलीकडचा सोहळा २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५ च्या जानेवारीत संपला. एरवी ३ डिसेंबरच्या फेस्ताला आणि आधीच्या नोव्हेनाच्या दिवसांत परिसर भाविकांनी भरून जातो. वास्तू निवांत पाहायची असेल तर हे दिवस टाळावेत, लोकांची भक्ती पाहायची असेल तर मुद्दाम तेव्हाच यावे. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. प्रार्थना चालू असेल तर फिरणे थांबवावे.

१९८६ पासून जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बॉम जेझूवर पुन्हा गिलावा चढवावा, अशी मागणी गोव्यातच होते आणि ती मला रास्त वाटते. तांबडे रूप जाईल म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत, पण त्या रूपाचे वय जेमतेम सत्तर वर्षे. चुना परवडणारा आहे, तो लावणारे गवंडी कोकणात अजून आहेत, आणि पाऊस दर जूनमध्ये येतोच.