पुस्तकावरचे नाव

घरात नवे पुस्तक आले की आपण पहिले काम कोणते करतो? पहिले पान उघडतो आणि वरच्या कोपऱ्यात नाव घालतो. शाळेत जाणारे मूल त्याखाली इयत्ता आणि तुकडीही लिहिते. वाचनालयाचे पुस्तक असेल तर त्यावर रबरी शिक्का बसतो. हे पुस्तक कुणाचे, एवढेच सांगायचे असते. या साध्या गरजेतून युरोपात एक कला जन्माला आली. आणि पुढे जेव्हा एका समाजाला जगातून पुसून टाकण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याच्या लुटलेल्या लाखो पुस्तकांचा पत्ता याच नावांनी सांगितला. ज्यू लोकांच्या बुकप्लेटची ही हकीकत आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

बुकप्लेट म्हणजे पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवायची छापील चिठ्ठी. आकाराने ती बहुधा पोस्टकार्डापेक्षा लहान असते. तिच्यावर एखादे चित्र, मालकाचे नाव आणि बहुतेक वेळा 'एक्स लिब्रिस' हे दोन लॅटिन शब्द असतात. त्यांचा अर्थ 'अमक्याच्या पुस्तकांपैकी'. अशा चिठ्ठ्यांची प्रथा जर्मनीत पंधराव्या शतकात सुरू झाली. पुस्तक त्या काळी फार महाग होते, म्हणून त्यावर मालकीची खूण हवीच. सोळाव्या शतकाच्या आरंभी आल्ब्रेख्त ड्यूरर या थोर चित्रकाराने आपला विद्वान मित्र पिर्कहायमर याच्यासाठी जी बुकप्लेट केली, तिच्यावर हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन अशा तीन भाषांत मजकूर आहे. हे पुस्तक मालकासाठी आहे तसेच त्याच्या मित्रांसाठीही आहे, असेही तिच्यावर नोंदवले आहे. मालकी सांगतानाच पुस्तक दुसऱ्याला देण्याची ही वृत्ती लक्षात घेण्यासारखी आहे.

पिर्कहायमर ज्यू नव्हता. ज्यू कुटुंबे बराच काळ आपली नावे पुस्तकांवर हातानेच लिहीत. ज्ञात असलेल्या अगदी जुन्या ज्यू बुकप्लेटपैकी एक १७४६ सालची आहे. इंग्लंडमधील पोर्टस्मथच्या बेंजामिन लेव्ही या कोरीवकाम करणाऱ्या ज्यू कारागिराने लंडनच्या आयझॅक मेंडेस यांच्यासाठी ती तयार केली. १७७४ साली बर्लिनमध्ये दानिएल खोदोविएत्स्की या नामवंत चित्रकाराने डेव्हिड फ्रीडलेंडर यांच्यासाठी बुकप्लेट केली. हे फ्रीडलेंडर ज्यूंना नागरी हक्क मिळावेत म्हणून झटणारे गृहस्थ होते.

पाट्या रंगवणारा कलावंत

या कलेला खरा बहर आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि तो आणणारा कलावंत गरीब घरातला होता. एफ्राइम मोझेस लिलियन याचा जन्म १८७४ साली द्रोहोबिच या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. बाप लाकूड कातणारा कारागीर. मुलगा दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकला. पुढे क्राकोव येथे कलाशिक्षण सुरू केले, पण पैशाअभावी ते सुटले. तरीही तो जिद्दीने जर्मनीत गेला आणि काळ्या-पांढऱ्या रेषांच्या चित्रांनी त्याने नाव कमावले. न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत राबणारे कवी मॉरिस रोझेनफेल्ड यांच्या कवितांसाठी त्याने काढलेली कष्टकऱ्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. १९०३ साली त्याच्या कामावर पुस्तक निघाले, त्याला लेखक स्टेफान झ्वाइग यांची प्रस्तावना होती.

तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांच्यासह अनेकांसाठी लिलियनने बुकप्लेट केल्या. ज्यू माणसाने दबून राहू नये, आपली लिपी आणि आपली चिन्हे उघडपणे मिरवावीत, ही भावना त्या काळी जोर धरत होती. सात फांद्यांचा दिवा, सहा टोकांची तारका, सिंह, जेरुसलेमची तटबंदी ही चित्रे बुकप्लेटवर येऊ लागली. हाताएवढ्या कागदावर माणूस सांगू लागला, 'मी कोण आहे ते पाहा.'

लिलियनच्या बरोबरीने हेर्मान श्ट्रुक यांचे नाव घ्यावे लागते. ॲसिडने कोरलेल्या चित्रांचे ते मोठे जाणकार. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढायच्या, मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथे थर निघाला तिथे ॲसिड तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदावर दाबली की चित्र उठते. मार्क शागाल यांनीही हे तंत्र श्ट्रुक यांच्याकडून शिकून घेतले. श्ट्रुक यांचे दुसरे शिष्य योझेफ बुडको (१८८८-१९४०). त्यांनी हिब्रू अक्षरांनाच चित्राचे रूप दिले.

संग्राहकांचा छंद याच काळात वाढला. कलावंत जादा प्रती छापत आणि संग्राहक त्यांची आपसांत अदलाबदल करत, जशी आपल्याकडे मुले तिकिटांची करतात.

मालक गेले, चिठ्ठ्या राहिल्या

पुढे १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण नाझींनी जाळली त्याहून किती तरी अधिक पुस्तके पळवली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. युरोपभरची ज्यू घरे, शाळा आणि ग्रंथालये लुटून त्यांनी गोदामे भरली. ज्यांचा नायनाट करायचा त्यांचाच 'अभ्यास' करण्यासाठी फ्रँकफुर्टला संस्थाही काढली! साठ लाख ज्यू मारले गेले.

कलावंतही यातून सुटले नाहीत. हजाराच्या आसपास बुकप्लेट करणारा मिशेल फिंगेस्टेन इटलीत आश्रयाला गेला होता. १९४० साली तिथेही त्याला छावणीत डांबले. १९४३ साली सुटका झाली आणि काही आठवड्यांतच तो वारला.

युद्ध संपल्यावर लुटलेली पुस्तके अमेरिकन सैन्याच्या हाती लागली. १९४६ साली फ्रँकफुर्टजवळ ऑफेनबाख येथे एका कारखान्याच्या इमारतीत ती गोळा करण्यात आली. आता ती कुणाची हे कसे ओळखायचे? निवड करणाऱ्या जर्मन कामगारांना हिब्रू वाचता येत नव्हते. तेथील अधिकारी कॅप्टन आयझॅक बेन्कोविट्झ यांनी एक युक्ती काढली. पुस्तकांतल्या बुकप्लेट आणि शिक्के यांचे फोटो काढून घेतले. प्रत्येक कामगाराला त्यातल्या ठराविक खुणा नेमून दिल्या. अक्षर वाचता आले नाही तरी खूण ओळखता येते. खूण दिसली की पुस्तक त्या ढिगात! अशा रीतीने सुमारे तीस लाख पुस्तके व कागदपत्रे या केंद्रातून परत गेली.

तरीही लाखो पुस्तके अशी उरली की त्यांचा वारस सापडेना. काहींवर नाव होते, पण त्या नावाचे माणूसच उरले नव्हते. अशी सुमारे पाच लाख पुस्तके एका ज्यू संस्थेने निरनिराळ्या देशांतील ग्रंथालयांना वाटली. इतिहासकार सालो बॅरन तिचे अध्यक्ष होते आणि विचारवंत हाना आरेंट सचिव. वाटलेल्या पुस्तकांत संस्थेने नवी बुकप्लेट लावायला सांगितली, हेतू हा की पुस्तक कुठून आले हे वाचणाऱ्याला कळावे.

सोलू नका

म्हणूनच जाणते संग्राहक एक पथ्य पाळतात. सुटी, जादा छापलेली प्रत जमवायला हरकत नाही. अशा चिठ्ठ्यांच्या अभ्यासामुळेच फिलिप गुडमन यांचे 'अमेरिकन ज्यूइश बुकप्लेट्स' हे पुस्तक १९५६ साली निघू शकले. पण पुस्तकात चिकटलेली चिठ्ठी पाण्याने भिजवून सोलून काढू नये. ती सोलली की चित्र आपल्या वहीत येते खरे, पण पुस्तक मुके होते. जर्मनीतील ग्रंथालये आजही आपली कपाटे तपासत आहेत. जुन्या पुस्तकात अशी एखादी चिठ्ठी सापडते आणि नातवंडांच्या हाती आजोबांचे पुस्तक पडते. कधी कधी त्या घराण्याची तेवढीच एक वस्तू उरलेली असते.

आपल्याला तांब्याचा पत्रा कोरून घेण्याची ऐपत नसेल, पण पेन आहे. मुलांना पुस्तक घेऊन द्याल तेव्हा त्यावर नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या. जुने पुस्तक घरी आले आणि त्यावर दुसऱ्या कुणाचे नाव असले, तर ते खोडू नका. त्याखाली आपले लिहा.