कांद्याची झोपमोड

वैशाखात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भिंगारच्या पत्र्याच्या घरांत माणसं घामाघूम होतात आणि टोपलीतला गावरान कांदा मात्र गाढ झोपलेला असतो. पाऊस सुरू होऊन गणपती येईतो त्याच टोपलीतून हिरवे कोंब डोकावतात. दोष आपण ओलीला देतो. ओलीनं काजळी धरते, सड लागते, मुळ्या सुटतात हे खरं. पण कोंबाला जागवतो तो मुख्यतः गारवा. साधारण १० ते १५ अंशांत कांदा सर्वांत लवकर फुटतो. शून्याजवळ किंवा २५ ते ३० अंशांत रेंगाळतो.

ही झोप साठवणीच्या चाळीत नव्हे, वावरातच ठरते. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढणी करायची, हा शेतकऱ्याचा ठोकताळा पक्का शास्त्रीय आहे. पात वाळताना वाढ रोखणारी द्रव्यं तिच्यातून कांद्यात उतरतात. भावाच्या घाईनं हिरवी पात कापली, तर ती शिदोरी अपुरी राहते आणि कांदा लवकर फुटतो. साठवणीत अब्सिसिक आम्ल हे झोप राखणारं संप्रेरक हळूहळू घटतं. ते तळाला येतं त्या सुमारास कोंब हलू लागतो, सायटोकायनिन आणि ऑक्सिन ही वाढीची संप्रेरकं वाढतात. फ्रुक्टान या साठवलेल्या कर्बोदकाचे तुकडे होऊन साखर सुटते. ती कोंब खातो आणि कांदा पोकळ होत जातो.

सगळ्या कंदांचा कायदा एक नाही. जिबरेलिन हे संप्रेरक बटाट्याची झोप मोडतं. कोनफळाच्या कुळात तेच झोप लांबवतं! निसर्गाचा हा उलटा न्याय मला फार गमतीचा वाटतो.

कांद्याला कोंब फुटू नये म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली लासलगावला विकिरण केंद्र सुरू केलं. तिथं किरणांच्या ६० ते ९० ग्रे इतक्या अल्प मात्रेनं कोंबाच्या पेशींचं विभाजन बंद पडतं. मात्र हा उपाय कांदा झोपेत असतानाच करावा लागतो, आणि सड किंवा वजनातली घट त्यानं थांबत नाही. ते काम हवेशीर चाळीचं आणि राहुरी विद्यापीठाच्या ‘एन-२-४-१’सारख्या टिकाऊ वाणाचं.

घरात कोंब आलाच, तर कांदा फेकू नका. हिरव्या बटाट्यासारखं सोलॅनिन या विषाचं भय इथं नाही. कोंब चिरून पिठल्यात टाका, पातीसारखाच लागतो.