पाकळ्यांखाली दडलेला सम्राट

रोमन सम्राट एलागाबालस म्हटलं की लॉरेन्स अल्मा-टाडेमाचं १८८८ सालचं चित्र आठवतं: मेजवानीत वरून गुलाबपाकळ्यांचा लोट कोसळतोय, पाहुणे त्यात बुडताहेत आणि तरुण सम्राट निवांत पाहतोय. ही कथा 'हिस्टोरिया ऑगस्टा' या ग्रंथातली. तो लिहिला गेला सम्राटाच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, आणि त्यात बनावट पत्रं आणि कपोलकल्पित प्रसंग भरपूर आहेत. त्यातही गुलाब नाहीतच. व्हायोलेट आणि इतर फुलं आहेत.

त्याचं नावसुद्धा हे नव्हतं. सम्राट म्हणून तो मार्कस ऑरेलियस अँटोनायनस. एलागाबाल हा सीरियातल्या एमेसा, म्हणजे आजच्या होम्स शहराचा देव. हा मुलगा त्याचा वंशपरंपरागत पुजारी, म्हणून देवाचं नाव त्याला मरणानंतर चिकटलं.

त्याने स्वतः सत्ता बळकावली, हाही समज चुकीचा आहे. २१७ मध्ये सम्राट काराकालाचा खून झाला आणि मॅक्रायनस गादीवर आला. काराकालाची मावशी ज्युलिया मीसा हिला एमेसाला परतावं लागलं. तिचा हा नातू काराकालाचाच मुलगा आहे, अशी आवई उठवली गेली, सैनिकांना पैशांची आशा दाखवली गेली आणि १६ मे २१८ रोजी राफानियाच्या छावणीने चौदा वर्षांच्या पोराला सम्राट घोषित केलं. महिन्याच्या आत अँटिओकजवळ मॅक्रायनस हरला. इतक्या लहान मुलाच्या कारकिर्दीबद्दल बोलताना त्याला गादीवर बसवणाऱ्या आजीला वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

तो निर्दोष होता असंही नाही. एमेसाचा देव म्हणजे एक काळी, शंकूसारखी शिळा, आपल्याकडच्या तांदळ्यासारखी मूर्तिरूप नसलेली. ती त्याने रोमला आणली, पॅलाटाइन टेकडीवर मंदिर बांधलं आणि तिला ज्युपिटरच्याही वर बसवलं. चार घोड्यांच्या रथातली ही शिळा त्याच्या नाण्यांवर आजही दिसते. तीस वर्षं कौमार्याचं व्रत पाळणाऱ्या व्हेस्टाच्या पुजारिणींपैकी अक्विलिया सेव्हेरा हिच्याशी त्याने लग्न केलं; रोमनांच्या दृष्टीने हे घोर पाप होतं. पण त्याने बाकीचे देव बंद पाडले, हे खरं नाही. ज्युपिटरची नाणी त्याच्याही काळात पडत होती.

मग स्त्रीवेष, प्रियकर, विकृत थट्टा यांच्या कथा? त्यांचा मोठा भाग कॅसियस डिओचा. तो समकालीन खरा, पण त्या काळात बहुतेक आशिया मायनरमध्ये होता, आणि पुढच्या सम्राटाबरोबर २२९ मध्ये कॉन्सुल झाला. मारल्या गेलेल्या सम्राटाला काळं फासण्यात नव्या दरबाराचा फायदा होता. या कथांतला काही अंश खरा असू शकतो. पण केवळ त्यांच्या आधारे त्याला वेडा ठरवणं किंवा आजची एखादी ओळख ठामपणे देणं, दोन्ही मला घाईचं वाटतं.

शेवट मात्र नोंदलेला आहे. नातू हाताबाहेर जातोय असं दिसताच मीसाने २२१ मध्ये दुसरा नातू अलेक्झांडर याला वारस म्हणून दत्तक घ्यायला लावलं. मार्च २२२ मध्ये सम्राटाच्याच रक्षक सैनिकांनी अठरा वर्षांच्या त्या मुलाला आईसह ठार मारलं आणि प्रेत टायबर नदीत फेकलं. शिळा एमेसाला परत गेली. अलेक्झांडर गादीवर आला, आणि मीसा मरण पावल्यावर रोमने तिला देवत्व बहाल केलं.