अबिशाचा काळा माल

मिसरच्या डोळ्यांचा विषय निघाला की मासिकवाले हटकून क्लिओपात्रा छापतात, आणि तीही सिनेमातली. मला तिचं आकर्षण कधी वाटलं नाही. माझं जुनं वेड आहे ते बेनी हसनच्या एका थडग्यातल्या टोळीचं.

थडगं खनुमहोतेप दुसरा या अधिकाऱ्याचं. उत्तरेच्या भिंतीवर परमुलखातून आलेल्या माणसांची रांग रंगवली आहे. अंगावर रंगीबेरंगी नक्षीची वस्त्रं, पुरुषांना टोकदार दाढ्या, गाढवाच्या पाठीवर पोरं, एकाच्या हातात तंतुवाद्य आणि बायकांच्या पायांत चक्क बूट. पुढे म्होरक्या अबिशा, रानबोकड धरून वाकलेला. त्याच्याही पुढे नेफरहोतेप नावाचा कारकून लेखी फलक धरून उभा. त्यावर नोंद आहे : सेनुस्रेत दुसरा याच्या कारकिर्दीचं ६ वं वर्ष, म्हणजे इ. स. पू. १८९० च्या आसपास. आलेली माणसं ३७. निमित्त, डोळ्यांत घालायचं काळं. चित्रातली माणसं मोजली तर १५ भरतात. उरलेली २२ कारकुनाच्या कागदावरच. तलाठ्याकडे खेपा घातलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

ते काळं म्हणजे गॅलेना, शिशाचं खनिज. त्याआधी चलती होती हिरव्याची, तांब्याच्या मॅलाकाइटची. दोन्ही दगडी पाटीवर वाटत. नार्मेर राजाची जगप्रसिद्ध पाटी मुळात याच जातीची. तिच्यावरच्या दोन लांबमान्या प्राण्यांच्या मधला गोल खळगा रंग वाटण्याचा. मेलेल्या माणसासोबत जायच्या वस्तूंच्या यादीत हिरवं आणि काळं दोन्ही असे. होरस देवाचा फुटलेला डोळा थॉथने बरा केला, म्हणून त्या डोळ्याचा ताईत गळ्यात. एबर्सच्या वैद्यकीय पपायरसात तर डोळ्यांच्या औषधांचा एक अख्खा विभागच आहे. नटणं, औषध आणि दृष्ट हे त्यांच्याकडे वेगळे कप्पे नव्हतेच, ते आपण नंतर पाडले.

१९९९ मध्ये फिलिप वाल्तेर आणि सहकाऱ्यांनी लूव्रमधल्या जुन्या कुप्यांतली पूड तपासली. गॅलेनाबरोबर त्यांना लॉरिओनाइट आणि फॉस्जेनाइट हे निसर्गात क्वचितच मिळणारे शिशाचे क्षार सापडले. म्हणजे कुणीतरी ते मुद्दाम घडवले होते. कृती किचकट आहे. मुरदाडशिंग मिठाच्या पाण्यात खलायचं, वरचं पाणी काढून टाकायचं, पुन्हा मीठ-पाणी घालायचं, आणि हे कित्येक आठवडे. २०१० मध्ये याच गटाने दाखवलं की या क्षारांची अगदी थोडी मात्राही त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करायला लावते. त्यातून रोगजंतूंशी लढायची तयारी वाढत असावी, असा त्यांचा अंदाज. वर्तमानपत्रांनी लगेच 'फॅरोंना सारं ठाऊक होतं' अशी दवंडी पिटली. पेशींवरचा प्रयोग म्हणजे लेकराचा डोळा नव्हे, आणि शिसं ते शिसंच.

आता आपल्याकडे येऊ. इ. स. च्या पहिल्या शतकात मिसरमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराची टिपणवही लिहिली. तिला आपण 'पेरिप्लस' म्हणतो, व्यापाऱ्याचं नाव मात्र कुणाला माहीत नाही. भरुचला खपणाऱ्या मालाच्या यादीत तो दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं सांगतो आणि त्यातच डोळ्यांच्या अंजनाची खनिज पूडही नोंदवतो. गिऱ्हाईक इथे होतंच. सौवीरांजन रोज आणि रसांजन पाचव्या किंवा आठव्या रात्री, असं चरकसंहिता सांगते.

मग हा माल मुरबाडहून नाणेघाट चढून जुन्नरला का जाऊ नये? वैशाखऱ्यातून वर जाणारी ती फरसबंद वाट, माथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण, सातवाहन राणी नागनिकेचा लेख, सगळं तयारच होतं. पण घाटाखालचं कल्याण बंदरच अडलं होतं. पेरिप्लसकार सांगतो की थोरल्या सारगन राजाच्या काळी कल्याण रीतसर पेठ होती, पुढे सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यावर तिची कोंडी झाली. चुकून तिथे लागलेलं ग्रीक गलबत पहारा बसवून भरुचला नेत. पैठण आणि तेरचा मालही धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या हाकत भरुचलाच जाई. नाणेघाटाचं वैभव सांगताना आम्ही मुरबाडकर ही कोंडी सोयीस्कर विसरतो. मला मात्र त्या रांजणापेक्षा पहाऱ्यात निघालेलं ते गलबत जास्त खरं वाटतं.

दर्यापारची पूड घाटाखालच्या गरिबाला परवडली असेल असं मला वाटत नाही. त्याचं काळं घरातच पडे. एरंडेलात भिजवलेली वात पेटवायची, दोन बाजूंना दोन विटा आणि वर तांब्याचं ताट उपडं. ज्योत ताटाला जेमतेम चाटली पाहिजे. फार टेकली तर विझते, लांब राहिली तर काजळी धरत नाही. रात्रभरात जमलेला मखमली थर सकाळी खरवडायचा, थेंबभर तुपात बोटाने मळायचा आणि डबीत भरायचा. यात शिसं नाही. तरी धुराची काजळी आणि न धुतलेलं बोट तान्ह्याच्या डोळ्यात जायला नको, हे डॉक्टरांचं म्हणणं रास्तच आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आशाताई बाळंतिणीला तेच सांगते. सासवांनी त्यावर तोडगा काढला आहे : डोळे कोरे ठेवायचे, तीट गालाला आणि तळपायाला. त्यावर आशाताईचीही फारशी हरकत नसते.